जमिनीलाही मोरी लागते



गेल्या हंगामात ऊस नोंदीच्या कामासाठी ओढ्याकाठच्या एका शिवारात गेलो होतो. पाहणी झाल्यावर बांधावर टेकलो. शेजारी आमचे एक जुने सभासद बसले होते, वयाने वडीलधारे. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. त्यांनी पायाजवळचे काळे ढेकूळ उचलले, हातात फोडायचा प्रयत्न केला, पण ते फुटेना. मग म्हणाले, "साहेब, आमच्या आज्यानं ही जमीन सोन्याच्या भावानं घेतली. काळीभोर, पुरुषभर खोल. माळावरल्या मुरमाडाला तेव्हा कुणी इचारत नव्हतं. आज त्या माळावरला ऊस डोक्याच्या वर गेलाय आन् हितं बेणं उगवंना. तुम्ही शिकलेली माणसं. चांगली जमीन म्हणायची तरी कशाला, सांगा बघू."

प्रश्न साधा होता, पण बांधावर दोन वाक्यांत उत्तर देता आले नाही. म्हणून हा लेख.

आपल्याकडे चांगली जमीन म्हटले की रंग आणि खोली पाहतात. काळी असली की भारी, खोल असली की उत्तम. या दोन्ही गोष्टी खोट्या नाहीत. पण तिसरी गोष्ट विसरली की या दोन्हींचा उपयोग राहत नाही. ती तिसरी गोष्ट म्हणजे निचरा. जमिनीने पाणी किती धरले एवढेच पाहून चालत नाही. नको असलेले पाणी ती किती लवकर सोडते, हेही पाहावे लागते.

आपल्या शिवारात हे पटवून देणे अवघड जाते, कारण इथे सगळ्या कारणांची सरमिसळ झालेली असते. एकाची जमीन भारी, दुसऱ्याची हलकी. एकाचे पाणी विहिरीचे, दुसऱ्याचे कालव्याचे. एकाने शेणखत घातले, दुसऱ्याने नाही. मग नुकसान नेमके कशाने झाले, यावर वाद होतो. म्हणून आज आपण एका परक्या मुलखातली जमीन पाहू. तिथे ऊस होत नाही. पण एकाच मातीच्या चार जमिनी तिथे शेजारी शेजारी आहेत आणि त्यांच्यात मुख्य फरक आहे तो निचऱ्याचा.

बर्फाने मळलेली माती

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, मोठ्या शहरापासून खूप आत, बोटांसारखी लांबट अशी तळी आहेत. त्या भागात 'हनीऑय' नावाची जमीन आहे. नाव तिथल्याच एका तळ्याचे आणि गावाचे. त्या देशाच्या कृषी खात्याने मातीच्या प्रत्येक जातीला असे गावाचे किंवा ठिकाणाचे नाव दिले आहे. आपल्या उसाच्या वाणाला को. ८६०३२ हा नंबर असतो, तसेच हे. न्यूयॉर्क राज्याची प्रातिनिधिक जमीन म्हणून हनीऑयचे नाव घेतात.

आपली काळी जमीन बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या, झिजेतून तयार झाली. हनीऑय तयार झाली बर्फामुळे. हजारो वर्षांपूर्वी तो सगळा मुलूख किलोमीटरभराहून जाड बर्फाखाली होता. हा बर्फ जागेवर थांबलेला नव्हता. तो उत्तरेकडून दक्षिणेकडे अगदी सावकाश सरकत होता. सरकताना खालचा खडक खरवडत, फोडत, दळत पुढे नेत होता. वाटेत चुनखडीच्या दगडाचे थर लागले, पुढे पाटीसारखा थरांचा दगड लागला. सगळ्याचे पीठ, वाळू, खडे आणि मोठे धोंडे एकत्र मळले गेले. सुमारे बारा ते चौदा हजार वर्षांपूर्वी बर्फ वितळून मागे हटला आणि हा मळलेला माल जागेवर पडून राहिला. शाळेच्या भूगोलात ज्याला हिमोढ म्हणतात, तो हाच माल.

नदीचा गाळ आणि हा माल यांत फरक आहे. नदी माल निवडून टाकते: धोंडे वर राहतात, वाळू मध्ये बसते, बारीक गाळ खाली जातो. आपल्या मळईत हे दिसतेच. बर्फाला असे निवडणे जमत नाही. त्यामुळे एकाच फावड्यात चिकणमाती, पोयटा, वाळू आणि गोटे सगळे निघते. तिथल्या शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्या शेतातले दगड वेचून बांधावर रचण्यात गेल्या. थंडीत जमीन गोठते, फुगते आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला आतले दगड पुन्हा वर येतात. म्हणजे वेचणी दरवर्षीची.

खड्डा खणला तर

हनीऑय जमिनीत खड्डा घेतला तर वरचे आठ-नऊ इंच गडद तपकिरी, भुसभुशीत पोयट्याची माती लागते. नांगर चालतो तो हा थर. त्याखाली थोडा फिकट थर असतो. त्याच्याही खाली तपकिरी, जरा चिकण थर येतो. पावसाच्या पाण्याबरोबर वरची बारीक चिकणमाती हजारो वर्षे खाली उतरत गेली आणि इथे साठली. या थरात चिकणमाती साधारण शेकडा १८ ते ३५ असते. आपल्या खोल काळ्या जमिनीत हेच प्रमाण शेकडा ४० ते ६० च्या घरात जाते. या चिकण थराची माती ढेकळे न धरता सुपारीएवढ्या तुकड्यांनी मोकळी होते आणि त्या तुकड्यांच्या फटींतून पाणी, हवा आणि मुळे खाली जातात. दोन-अडीच फुटांच्या पुढे मूळचा हिमोढ लागतो. तो घट्ट, खडेयुक्त आणि चुनखडीचा असतो.

इथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, या मातीत चुना आहे. चुन्यातले कॅल्शियम चिकणमातीच्या कणांना एकत्र बांधून रवाळ ठेवते, म्हणून फटी बुजत नाहीत. दुसरी, तळाचा थर घट्ट असूनही जमीन निचऱ्याची आहे. कारण वरचे दोन-अडीच फूट मोकळे आहेत आणि जमीन उंचवट्यावर किंवा उतारावर असल्यामुळे पाणी बाजूला वाट काढते. म्हणजे निचरा नुसता मातीत नसतो. तो जागेवरही असतो.

आपल्या भाषेत सांगायचे तर ही 'लवकर वाफशावर येणारी' जमीन. वाफसा या एका शब्दात आपल्या वाडवडिलांनी सगळे मृदशास्त्र भरून ठेवले आहे. पाऊस झाला, जादा पाणी खाली गेले, कणांना चिकटलेली ओल राहिली आणि मोकळ्या फटींत हवा शिरली की वाफसा आला. पिकाच्या मुळाला ओल आणि हवा एकदमच लागतात. पोयट्याची, निचऱ्याची जमीन या दोन्ही गोष्टी देते. म्हणून तिथे मका, गहू, सोयाबीन, लसूणघास, भाजीपाला, सफरचंद आणि द्राक्षे सगळे पिकते. गोरे लोक येण्यापूर्वी सेनेका नावाचे तिथले मूळ रहिवासी मका, घेवडा आणि भोपळा एकत्र पेरत. आपल्याकडचे मिश्रपीकच म्हणा. पुढे १८२५ मध्ये ईरी कालवा पूर्ण झाला आणि इथला गहू व पीठ दूरच्या बाजारात जाऊ लागले. जवळच्या रॉचेस्टर शहराला तर पिठाचे शहर म्हणू लागले.

साखर कारखान्याच्या सभासदांना रुचेल अशी एक गोष्ट सांगतो. या जमिनीवर मूळचे जे रान होते, त्यात 'शुगर मॅपल' म्हणजे साखरेच्या मॅपलची झाडे होती आणि अजूनही आहेत. हिवाळा सरताना, रात्री गोठण आणि दिवसा ऊब असे दिवस आले की या झाडाच्या बुंध्याला लहान भोक पाडून रस गोळा करतात. त्या रसात साखर जेमतेम शेकडा दोन. आपल्या पक्व उसाच्या रसात ती याच्या सात-आठ पट असते. सुमारे चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर पाक मिळतो. आपल्या गुऱ्हाळवाल्याला हा हिशेब सांगितला तर तो चुलवणच विझवील! पण सांगायचे ते निराळे आहे. या साखरेच्या झाडाला पाय ओले ठेवलेले चालत नाहीत. पाणथळ जागी ते नीट वाढत नाही, तिथे त्याचा भाऊबंद लाल मॅपल येतो. साखर देणाऱ्या पिकाला मोकळी जमीन लागते, मग ते झाड असो की ऊस.

एका बापाचे चार लेक

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. त्याच मुलखात, त्याच हिमोढातून, त्याच पावसात चार जमिनी तयार झाल्या. उंचवट्यावर आणि उतारावर हनीऑय. जरा खाली, सपाटीकडे लायमा. त्याच्या खालच्या अंगाला केंडेया. आणि अगदी खोलगट जागी लायन्स. एका बापाचे चार लेक. एकाला वाट्याला उंच जागा आली, एकाला खळगा आला.

त्यांना ओळखायचे कसे? रंगावरून. मातीत लोह असते. हवा खेळत असेल तर लोह गंजते आणि माती तपकिरी-तांबूस दिसते. पाणी साचून हवा कोंडली तर तोच रंग उडून माती राखाडी होते. कधी पाणी, कधी हवा अशी ओढाताण असेल तर राखाडीत तांबडे ठिपके पडतात. हनीऑयचा खड्डा पाहा, वरच्या दोन-तीन फुटांत असा ठिपका दिसत नाही. लायमात दीड-दोन फुटांवर ठिपके सुरू होतात. केंडेयात नांगरटीच्या थराखालीच दिसतात. लायन्सची खालची माती तर राखाडीच. वर्षातला बराच काळ तिथे पाणी वरपर्यंत असते.

गंमत अशी की या चौघांत सर्वांत काळा माथा लायन्सचा. पाण्यामुळे पालापाचोळा कुजत नाही, तो साठून राहतो आणि माती काळी दिसते. म्हणजे केवळ काळ्या रंगावर भाळून कोणी तिथे जमीन घेतली असती, तर त्याने चौघांतला सर्वांत अडचणीतला लेक निवडला असता. आपली काळी माती निराळ्या कारणाने काळी आहे हे खरे. पण नुसत्या रंगावर जाऊ नये हा धडा दोन्हीकडे सारखाच.

जमिनीत भांडी पुरणारा शेतकरी

खळग्यातल्या जमिनीने मग काय करावे? नशिबाला दोष देत बसावे?

१८२१ मध्ये जॉन जॉन्स्टन नावाचा एक शेतकरी स्कॉटलंडहून येऊन याच भागात, सेनेका तळ्याकाठी जिनिव्हा गावाजवळ स्थायिक झाला. जमीन ओलसर आणि जड होती. गहू नीट येईना. त्याच्या मायदेशात जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या घालून पाणी काढायची रीत होती. १८३५ मध्ये त्याने तिकडून नळीचे नमुने मागवले आणि इथल्या कुंभाराकडून तशा नळ्या हाताने घडवून घेतल्या. १८३८ मध्ये चर खणून त्या शेतात पुरायला सुरुवात केली. शेजारीपाजारी हसू लागले. म्हातारा चळला, चांगली भांडी मातीत पुरतोय, असे लोक म्हणायचे.

त्याच्या शेतात गव्हाचा उतारा एकरी १२ बुशेल होता, तो ६० बुशेलवर गेल्याची नोंद आहे. आपल्या मापात एकरी सव्वातीन क्विंटलवरून सोळा क्विंटलवर. मग हसणारेच पाहायला येऊ लागले. पुढे त्या भागात नळ्या पाडायचे यंत्रही आले. जॉन्स्टनने आपल्या ३२० एकरांत हळूहळू ७२ मैल, म्हणजे सुमारे ११५ किलोमीटर नळ्या घातल्या. आज अमेरिकेत त्याला भूमिगत निचऱ्याचा जनक म्हणतात.

या माणसाने माती बदलली नाही, बी बदलून हे साधले नाही. उंचवट्यावरच्या भावाला जे जन्मजात मिळाले होते, ते त्याने खालच्या भावाला करून दिले. पाण्याला वाट दिली. त्याला एक गोष्ट अनुकूल होती. त्याचे शेत तळ्याकडे उतरते होते, त्यामुळे नळीतले पाणी सोडायला जागा होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझ्या हातून झालेली चूक

आता आपल्या शिवारात येऊ. आपली भारी काळी जमीन ओली झाली की फुगते, फटी बंद करते, आणि वाळली की भेगाळते. ती मुळातच पाणी सावकाश सोडणारी. तिला बारमाही पाणी मिळू लागले आणि बाहेर जायची वाट मिळाली नाही, तर भूजल वर चढते. पाणी उन्हाने उडून जाते, क्षार वर राहतात. सोडियम वाढला की तो कॅल्शियमच्या उलट वागतो. कण सुटे करून फटी बुजवतो. जमीन चोपण होते. तात्यांच्या हातातले ढेकूळ फुटेना ते यामुळेच. हा प्रश्न आजचा नाही. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच त्या पट्ट्यात पाणथळ आणि क्षारपड जमिनीचा प्रश्न उभा राहिला होता.

मी नोकरीला नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका सभासदाच्या दोन एकरांत पांढरे चट्टे पडले होते. मी पुस्तकात शिकल्याप्रमाणे जिप्सम टाका आणि भरपूर पाणी देऊन क्षार धुऊन काढा असा सल्ला दिला. त्यांनी उसनवारी करून जिप्सम आणले, पाणी तुंबवले. धुतलेले क्षार जाणार कुठे, हे मी पाहिलेच नव्हते. शेताच्या खालच्या अंगाचा चर बुजलेला होता. पाणी खाली जायच्या ऐवजी आणखी वर आले. पुढच्या वर्षी खोडवा जागेवर बसला. ते सभासद मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्ही न्हाऊ घातलंत खरं, पण न्हाणीला मोरी काढायची राहिली."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. या लेखाचे नावही तिथूनच घेतले आहे. आधी मोरी, मग औषध. जिप्सम चांगलेच आहे, पण ते सोडियम सुटा करते. सुटलेला सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर गेला तरच उपयोग.

आता करायचे काय

पहिले काम खड्डा. उन्हाळ्यात, पाणी देऊन आठ-दहा दिवस झाल्यावर, शेताच्या सर्वांत सखल कोपऱ्यात चार फूट खोल खड्डा घ्या आणि रात्रभर उघडा ठेवा. सकाळी त्यात पाणी दिसले तर निचऱ्याचे दुखणे आहे असे समजा. आपल्या काळ्या मातीत राखाडी-तांबडे ठिपके सहज दिसत नाहीत, म्हणून रंगावर विसंबू नका, पाणी पाहा. उसाची मुळे वरच्याच थरात आडवी पसरली असतील, काळी पडली असतील, तर तीही खूण आहे.

दुसरे, माती परीक्षण. वरच्या फुटाचा आणि खालच्या दोन फुटांचा नमुना वेगवेगळा द्या. क्षारता ४ च्या वर गेली तर जमीन खारवट. सोडियमचे प्रमाण शेकडा १५ च्या वर गेले तर चोपण. नुसत्या खारवट जमिनीला जिप्समची गरज नसते, तिला निचरा आणि चांगले पाणी पुरते. अहवाल हातात आल्याशिवाय पोते विकत आणू नका.

तिसरे, पाण्याचा हात आखडता घ्या. वाफसा मोडून पाणी देण्यात फायदा नाही. ठिबक असेल तर उत्तम, नसेल तर एकाआड एक सरी भिजवा. जेवढे पाणी कमी घालाल, तेवढे बाहेर काढायचे कमी.

चौथे, चर. आधी उघडा चर साफ करा. एवढ्यानेही पुष्कळ ठिकाणी फरक पडतो. तेवढ्याने भागत नसेल तर जमिनीखालून सच्छिद्र प्लॅस्टिकची नळी घालावी लागते. जॉन्स्टनच्या मातीच्या नळीचीच ही पुढची पिढी. हनीऑयच्या भावांपेक्षा आपली जमीन जड, म्हणून नळ्या जवळजवळ घ्याव्या लागतात आणि खर्च वाढतो. खोली आणि अंतर मोजणी करूनच ठरवावे, शेजाऱ्याचे पाहून नाही.

पाचवे आणि सर्वांत अवघड काम म्हणजे पाणी सोडायची जागा. जॉन्स्टनला तळे होते. आपल्याला ओढा आहे, पण तो आहे कुठे? कित्येक ठिकाणी ओघळी सपाट करून दोन सऱ्या वाढवल्या आहेत. एकाने दोन गुंठे मिळवले, वरच्या दहाजणांची जमीन बसली. नळी स्वतःच्या शेतात घालता येते, पण पाणी दुसऱ्याच्या शेतातूनच जाते. म्हणून निचरा हे एकट्याचे काम नाही. कारखाना जसा एकट्याच्या उसावर चालत नाही, तसेच हे आहे.

तात्यांच्या शेताचे दुखणेही तेच. त्यांच्या खालच्या अंगाला भावकीतल्या पुतण्याचे शेत आहे आणि जुनी ओघळ तिथे बुजली आहे. मागच्या महिन्यात आम्ही तिघांनी मिळून तात्यांच्या सखल कोपऱ्यात खड्डा घेतला. सकाळी अडीच फुटांवर पाणी होते. मग पुतण्याला म्हटले, "आता तुमच्याकडंबी एक घेऊ." त्याच्याकडे सव्वादोन फुटांवर निघाले. तो बराच वेळ खड्ड्यात पाहत उभा राहिला. ओघळ उघडायला त्याने अजून होकार दिलेला नाही. पण पावसाळ्यापूर्वी मोजणीला यायला सांगितले आहे. मी जाणार आहे.

तात्या, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. ज्या जमिनीत पाणी येते, थांबते आणि वेळेवर निघून जाते ती चांगली जमीन. काही जमिनींना हे जन्मतः मिळते, काहींना आपण करून द्यावे लागते. तुमची जमीन आजही चांगलीच आहे. ती तुंबली आहे एवढेच.

ज्या सभासदांच्या शेतात पांढरे चट्टे, पिवळा ऊस किंवा विरळ खोडवा दिसत असेल, त्यांनी पावसाळ्यापूर्वी खड्डा घेऊन पाण्याची खोली गट कार्यालयात नोंदवावी. एका ओढ्यावरचे सर्व शेतकरी मिळून आले तर काम लवकर होईल.

– ऊस विकास अधिकारी